कानामागची तीट

"बटण नको, मणी नको, पायात वाळा नको, गळ्यात काळी पोत नको. मग पाठवताच कशाला एवढ्या लांब? राहू दे की इथंच, उघडीनागडी!"

शैलावहिनी बाहुलीला मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या. पाठ माझ्याकडे होती. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे हसणंही अवघड.

टाचण्या हातात काढून मी विचारलं, "वहिनी, मला म्हणालात का?"

"तुला नाही गं. हिला म्हणतेय. निघाली परदेशात."

शैलावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचे दोन फ्लॅट पंचवटीत एकाच मजल्यावर, समोरासमोर. दोन्ही दारं सकाळी उघडली की रात्रीच लागायची. खाली सिंहस्थासाठी रस्ता खणून ठेवलेला, धूळ थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. म्हणून शिवायचं काम माझ्या आतल्या खोलीत, आणि तयार बाहुली सुती पिशवीत घालून नाडी ओढायचं काम वहिनींच्या स्वयंपाकघरात, कारण त्यांची खिडकी मागच्या अंगाला उघडते. प्रत्येक बाहुलीला शेवटचा हात वहिनींचा लागायचा.

बाहुलीचं नाव ठकू. मलमलीचं अंग, आत पिंजलेला कापूस, लोकरीचे केस, खणाचं परकर-पोलकं. कान मात्र अंमळ मोठे ठेवलेले. ती माझी हौस. तान्ह्या मुलाला तोंडात धरायला काहीतरी लागतंच, आणि कानासारखी सोय दुसरी नाही.

कल्पना माझ्या मुलीची, अपूर्वाची. इंटरनेटवर अशी जागा असते म्हणे, तिथे आपण नुसती वस्तू दाखवायची, जगभरातली माणसं आधी पैसे भरतात आणि मग ती वस्तू बनते. आमचे दादा, म्हणजे वहिनींचे यजमान ढुंढिराज, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. त्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग नवीन काय त्यात? आमच्यासारखंच की. दक्षिणा आधी, पुण्य नंतर."

पण पुण्यात आणि बाहुलीत फरक असा, की बाहुली खरोखर पोचवावी लागते. आणि युरोपात तान्ह्या मुलासाठी खेळणं पोचवायचं म्हणजे काय, हे अपूर्वा रोज जेवताना सांगायची. डोळे शिवलेलेच हवेत. केस ओढून सुटता कामा नयेत. रंगात शिसं नको, हे नको, ते नको. एक बाहुली प्रयोगशाळेत जाणार, तिथे तिला ओढणार, ताणणार, जाळणार, विरघळवणार. ती पास झाली की तिचं प्रमाणपत्र. शिवाय युरोपातच राहणारी एक जबाबदार व्यक्ती नेमायची, तिचा पत्ता लेबलवर छापायचा. म्हणजे काही झालं तर तिथलं सरकार आधी तिचं दार वाजवणार. आम्हाला योहाना नावाची बाई मिळाली. आणि शेवटी एक जाहीरनामा, की तपासलेला नमुना जसा होता तशीच यापुढची प्रत्येक बाहुली असेल. त्याच्याखाली सही माझी. ठकूची फर्म माझ्या नावावर आहे.

नमुन्याची बाहुली घाईत माझ्या मशीनवरूनच कुरियरवाल्याच्या हातात गेली होती. समोरच्या घरात ती गेलीच नाही. तेव्हा यात काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

माझा मुलगा विहंग ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात आहे. माल भरायच्या दिवसांत एकदा वहिनींच्या ओट्याला टेकून चहा पीत तो म्हणाला होता, "आमच्याकडे तपासून झालेल्या भागाला कुणी भक्तीने कुंकवाचं बोट लावलं ना, तरी मी तो भाग बाजूला काढीन."

"देवाधर्माचं वावडंच तुम्हाला," वहिनी म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. उजव्या हाताचं मधलं बोट त्यांनी पदराला पुसलं. काळं होतं ते. स्वयंपाकघरात बायकांची बोटं काळी असतातच.

बाहुल्या गेल्या. पोचल्या. फोटो येऊ लागले. गोरीगोमटी, टकली, दातांत अंतर असलेली बाळं, आणि त्यांच्या कुशीत आमचा खण.

मग एक दिवस हॅम्बुर्गच्या एका आईने लिहिलं. तिच्या मुलीला ठकू फार आवडते. ती झोपताना ठकूचा डावा कान तोंडात धरते. पण त्या कानामागे केसांच्या आत एक काळा ठिपका आहे, ओला झाला की पसरतो. ही बुरशी आहे का? सोबत फोटो. बाळाच्या खालच्या ओठावर करड्या रंगाची पुसट रेघ, पेन्सिल चघळल्यासारखी.

अपूर्वा पिशव्यांतल्या उरलेल्या बाहुल्या घेऊन बसली. एकेकीचा कान दुमडून पाहिला. सगळ्यांना ठिपका. छान गोल, मुगाएवढा.

"आई गं," ती हसायलाच लागली, "मोठ्या आईने सगळ्यांना तीट लावलीय!"

आम्ही पोट धरून हसलो. ती दारातूनच ओरडली, "मोठी आई, काय गं हे?"

वहिनी पोळी भाजत होत्या. "मग? पोरं त्यांचे मुके घेणार, शेजारीपाजारी बघणार. गालावर लावली असती तर तू ओरडली असतीस. म्हणून कानामागे."

हे इतकं गोड होतं की अपूर्वाने त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं, फोटोसकट. इंग्रजीत लिहिलं, पण अर्थ असा, की आमच्या घरातलं कुठलंही मूल या ठिपक्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि तुमची ठकूही पडली नाही. चारी दिशांनी बदामाच्या खुणा आल्या. एका बापाने लिहिलं, आता आमचा मुलगा मुद्दाम तोच कान शोधतो.

मुद्दाम तोच कान. मला ते वाक्य वाचून बरं वाटलं होतं.

त्यानंतर योहानाचं पत्र आलं. दोनच प्रश्न. हा ठिपका कशाचा आहे? तपासलेल्या नमुन्यावर तो होता का? रागाचा एक शब्द नव्हता, म्हणूनच मला ते पत्र आवडलं नाही.

"काजळ आहे, घरचं, असं लिही," मी म्हटलं.

"लिहिते," अपूर्वा म्हणाली. पण लिहिलं नाही. विहंग दुपारी सकाळची पाळी संपवून आला तेव्हा ती तशीच लॅपटॉपपुढे बसलेली. त्याने पत्र वाचलं, बूटही न काढता.

"घरचं म्हणजे कशाचं?"

"तुपाच्या दिव्याचं. आपल्या डोळ्यांदेखत धरतात ना वहिनी," मी म्हटलं.

"आणि चमकतं का ते?"

चमकायचं ते. आमच्याकडचं काजळ चमकतं याचं नातेवाइकांत कौतुक होतं. सासूबाईंनी फार जुन्या एका सिंहस्थात कुठल्याशा बैराग्याकडून सुरम्याचा खडा घेतला होता. पितळी करंड्यात तो असे. दिव्याची काजळी, एरंडेलाचा थेंब, आणि तो खडा सहाणेवर उगाळून. सासूबाई गेल्या, करंडा वहिनींकडे आला.

अपूर्वाने शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागली. सुरमा म्हणून विकतात त्या खड्यात पुष्कळदा शिसंच असतं. मोठ्यांना कळून येत नाही, तान्ह्या मुलांना बाधतं. पोटात गेलं तर पोट दुखतं, खाणं सुटतं, मूल चिडचिडं होतं, रक्त कमी होतं, आणि जास्त झालं तर...

तिने लॅपटॉप अर्धा मिटला.

"तर काय?" विहंगने विचारलं.

"झटके," ती म्हणाली, आणि उठून आमचं दार लावून आली. भर दुपारी आमचं दार त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा वहिनींची तान्ही लेक मुक्ता जाऊन काही वर्षं झाली होती. तिचा एकच फोटो आहे, वहिनींच्या ओट्याच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या आड. बोरन्हाणाचा. हलव्याचे दागिने, मुकुट, आणि डोळे इतके काळे भरलेले की आधी डोळेच दिसतात, मग बाळ. त्यानंतर आठवड्याच्या आत तिला झटके आले आणि ती गेली. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला वहिनींच्या समोर सांगत, "एवढी नटवली, पण गालाला तीट लावायची विसरली हो आमची सून. चारचौघींची दृष्ट लागली."

ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, माझ्या डोहाळजेवणातसुद्धा.

तेव्हापासून वहिनी विसरल्या नाहीत. अपूर्वाला, विहंगला, वॉचमनच्या नातवाला, जिन्याखाली व्यायलेल्या कुत्रीच्या पिल्लांना. माझ्या मुलांच्या डोळ्यांत काजळ घालू नका असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी भीत भीत ते वहिनींना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि गालावर ठिपका लावून थांबल्या. एका शब्दानेही वाकडं बोलल्या नाहीत त्या.

आता सांगायचं काय, तर त्यांच्या तिटेत विष आहे. हे वाक्य कितीही लहान केलं, तरी त्याचं दुसरं टोक त्या फळीवरच्या फोटोत जात होतं. आम्ही तिघंही ते टोक पाहत होतो आणि तिघंही दुसरंच बोलत होतो.

"आधी तपासून तरी घेऊ," विहंग म्हणाला.

"निकाल यायला वेळ लागेल. आणि तोवर?" अपूर्वा.

"तोवर... काजळ आहे असं मोघम कळवू."

"तुझ्या कारखान्यात चालेल असलं मोघम?"

"ताई, डोकं नको खाऊस."

तेवढ्यात दारावर थाप पडली. वहिनी. हातात शिऱ्याची वाटी. "दार काय लावून बसलात? कुणी आजारी आहे का?"

"धूळ हो, वहिनी," मी म्हटलं.

"बाई, बाई. मी म्हटलं काय झालं." मग हळूच, लाजल्यासारख्या, "काय म्हणतात तिकडचे? आवडली का तीट?"

"हो," अपूर्वा म्हणाली. "खूप."

पुढच्या दिवसांत आमच्या मजल्याला तुपाचा वास येऊ लागला. अपूर्वाच्या त्या 'खूप' वर विसंबून वहिनींनी दुसऱ्या खेपेची तयारी सुरू केली होती. दिव्यावर तांब्याचं ताम्हन पालथं घातलेलं, खाली ज्योत, वर काजळी धरतेय. मी जाता-येता बघायची. ताम्हनाच्या पोटातला काळा डाग रोज थोडा मोठा दिसायचा.

दीपमाला, मखमलाबादहून बाहुल्यांचे केस ओवायला येणारी बाई, आत येताच नाक वर करून म्हणाली, "लय भारी वास सुटलाय. मावशी, माझ्या नातीसाठी द्या ना डबीभर काजळ."

"देते की," समोरून वहिनींचा आवाज.

"नको!" मी इतक्या जोरात म्हटलं की दीपमालाची सुई खाली पडली. ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे, नंतर द्या म्हटलं. आता काम आहे."

"डबीभर काजळाला कसलं काम आडवं येतं ओ?" ती म्हणाली. पण तिने परत मागितलं नाही. जाताना समोरच्या घरात डोकावलीही नाही. तिला काय समजलं देव जाणे.

रविवारी हॅम्बुर्गहून पुन्हा निरोप आला. मुलगी काही खात नाही. पोट धरून रडते. डॉक्टर विचारताहेत, ती काय काय तोंडात घालते. तुमच्या ठिपक्यात काय आहे ते कृपया कळवा. खाली योहानाचीही ओळ होती, की आपण आज उत्तर दिलं नाही तर तिला स्वतःहून तिथल्या अधिकाऱ्यांना कळवावं लागेल.

अपूर्वा लॅपटॉप उचलून सरळ समोरच्या घरात गेली. मागोमाग आम्ही.

वहिनी जमिनीवर मांडी घालून सहाणेवर खडा उगाळत होत्या. दादा रामकुंडावरून नुकतेच आले होते, सोवळं बदलून पाटावर बसलेले.

"मोठी आई," अपूर्वा म्हणाली, "तिकडून विचारलंय, काजळात काय काय असतं?"

"कृती हवीय होय त्यांना?" वहिनींचा चेहरा उजळला. "सांग की. गाईचं तूप, भीमसेनी कापूर, एरंडेल, आणि हा खडा. नुसती काजळी कापडावर फिसकटते गं, म्हणून तुझ्या बाहुल्यांसाठी खडा जरा जास्त उगाळला."

विहंग खाली वाकला. सहाणेवरचा खडा त्याने उचलला, तळहातावर जोखला, आणि तसाच धरून उभा राहिला. बोराएवढा तुकडा, पण त्याचा हात खाली गेलेला मला दिसला.

"जड आहे," तो म्हणाला.

"जुनं आहे ते," वहिनी म्हणाल्या.

"काय झालंय काय?" दादांनी विचारलं.

अपूर्वाने सांगितलं. सगळं नाही. तिकडे काजळ चालत नाही म्हणे, खड्यात काही दोष असू शकतो म्हणे, एका बाळाला बरं नाही म्हणे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणे. दादा ऐकत गेले आणि लाल होत गेले.

"हे बघ, लिही तू त्यांना. वनस्पतीजन्य आहे, शुद्ध आहे. तिकडे काय, पाणी प्यायचं तरी कागद लागतो यांना. पोरांची पोटं दुखतातच. पिढ्यान् पिढ्या या घरात सगळ्या पोरांना हेच काजळ लागलंय, कुणाला काही झालं?"

बोलून गेले, आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. हात तसाच वर राहिला.

खाली रस्त्यावर खोदायचं यंत्र चालू होतं. खिडकीची काच थरथरत होती. कुणी फळीकडे बघितलं नाही. फळीकडे न बघण्यासाठी आम्ही सगळे किती वेगवेगळ्या ठिकाणी बघत होतो! विहंग खड्याकडे, मी दिव्याकडे, अपूर्वा लॅपटॉपच्या कडेकडे.

"तपासायला पाठवू," विहंग म्हणाला. "नक्की कळल्याशिवाय उगाच..."

"हो, उगाच नको," मी म्हटलं. माझी सही आहे त्या जाहीरनाम्यावर, आणि मी म्हटलं, उगाच नको.

"कानामागे साबणाने पुसून घ्या, एवढंच कळवू का?" अपूर्वा म्हणाली. "बाहुल्या परत मागवल्या तर आपलं सगळंच संपेल, आई. आणि... आणि बाकीचंही."

"बाकीचं काय?" वहिनींनी विचारलं.

वहिनींनी दिवा मालवला. ताम्हन उलटं करून बाजूला ठेवलं. मग उठल्या, मोरीपाशी गेल्या आणि हात धुऊ लागल्या. साबण, मग राख, मग पुन्हा साबण. मधलं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून चोळत होत्या. पाणी काळं, मग करडं, मग स्वच्छ झालं तरी नळ चालूच.

"अपू," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तिकडचं ते बाळ केवढं आहे?"

"दहा महिन्यांचं."

"खात नाही?"

"नाही."

"पोट धरून रडतं?"

"हो."

"आणि मग एकदम शांत होतं. आपल्याला वाटतं, बरं वाटलं असेल. नजर लावून बघत बसतं एकीकडे."

"तसं काही लिहिलेलं नाही, मोठी आई."

"लिहिलेलं नसेल," वहिनी म्हणाल्या. नळ बंद केला. फळीवरचे दोन डबे सरकवले, फोटो खाली काढला आणि पदराने त्याची काच पुसली. दादा पाटावरून अर्धवट उठले.

"शैला, राहू दे. कशाला आता..."

"इतकी वर्षं राहूच दिलं ना." त्यांनी फोटो ओट्यावर, आम्हा सगळ्यांना दिसेल असा उभा केला. आवाज अगदी साधा होता, अपूर्वाला भाजीची यादी सांगावी तसा. "लिही. बाहुली बाळाजवळून काढून घ्या म्हणावं. आत्ता. सगळ्यांना लिही, एका घराला नाही. पोराचं रक्त तपासा म्हणावं. आणि हे कशावरून सांगता, असं कुणी विचारलं, तर तेही लिही."

अपूर्वाची बोटं कळांवर होती, पण हलत नव्हती.

"लिही गं. तीट लावायची विसरले म्हणून नाही गेली माझी मुक्ता. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्या डोळ्यांत हेच काजळ भरत होते, म्हणून गेली."